कलमांवरच्या मुंग्या: राजापूरच्या बागेतील प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला बागेतून फिरवले, एकेका झाडापाशी थांबत अकरा झाडे दाखवली आणि शेवटी गडग्यावर (दगडी बांधावर) बसून निकाल दिला, "ह्यांना मुंगी लागलीय. झाड आतून गेल्याशिवाय मुंगी यायची नाही. दिवाळी झाली की कुऱ्हाड घालू." आमची बाग राजापूर तालुक्यात सड्याच्या (कातळ पठाराच्या) उतारावर आहे. हापूसची सव्वीस कलमे, चौदा काजू, तीन फणस आणि गडग्याला लागून आपोआप वाढलेले दोन किंजळ, अशी पंचेचाळीस झाडे तिथे आहेत. काकांनी ही बाग चाळीस वर्षे सांभाळली आहे आणि मी रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे झाडांविषयी त्यांचा शब्द मोडण्याचा अधिकार मला नाही, पण मुंगी पाहून कलम तोडण्याची घाई मला पटली नाही. एक हंगाम थांबा, अशी विनंती केली. ते म्हणाले, "थांबतो. पण लिहून ठेव, नाहीतर मे महिन्यात तू एक सांगशील नि मी एक."

म्हणून ही वही. गेरूने प्रत्येक झाडावर क्रमांक टाकले: १ ते २६ आंबे, २७ ते ४० काजू, ४१ ते ४३ फणस, ४४ आणि ४५ किंजळ. प्रत्येक झाडासाठी चार रकाने आखले: मुंगी कोणती, कुठून निघते, कुठे जाते, बाहेर काय टाकते. जवळ दहापट भिंग, लाकडी मोगरी, लवचीक तार आणि पाण्याची बाटली एवढेच साहित्य आहे.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

पहिली फेरी पूर्ण झाली. काकांच्या अकरा झाडांवर एकच मुंगी नाही, चार आहेत.

सात झाडांवर (आंबा ५, ६, ९, १२ आणि काजू ३०, ३१, ३४) ओंबील आहे. गोव्याकडे हिलाच हुमले म्हणतात. हिची मोठी कामकरी मुंगी ८ ते १० मिलिमीटर लांब, तांबूस, लांब पायांची असते आणि ती जिवंत पाने एकमेकांना शिवून घर करते. खोडाच्या लाकडाशी तिचा काही संबंध नसतो. फॅब्रिशिअसने १७७५ मध्ये तिचे नामकरण करताना पाचूच्या हिरव्या रंगावरून 'स्मॅरॅग्डिना' हे नाव दिले. आमच्या तांबड्या ओंबिलीकडे पाहून ते नाव विनोदी वाटते.

आंबा ३ आणि २२ यांच्या बुंध्याशी मुंगळ्यांची बिळे आहेत. मुंगळा जमिनीत, मुळांच्या बगलेत राहतो आणि रांगेने शेंड्याकडे जातो. फणस ४१ च्या वाळक्या खुंटात लाल छातीची, काळ्या डोक्याची आणि काळ्या पोटाची सडपातळ मुंगी आहे. तिचे शास्त्रीय नाव टेट्रापोनेरा रूफोनायग्रा. उरलेल्या आंबा १७ मध्ये मात्र मुंग्या थेट खोडातून निघतात. त्या लहान आणि गडद असून धोका वाटला की पोटाचे बदामाच्या आकाराचे टोक पाठीवरून उचलून पुढे आणतात, यावरून त्या क्रेमॅटोगॅस्टर गटातील आहेत हे ओळखता येते.

'मुंगी लागली' हे दोन शब्द आपण पानातल्या, मातीतल्या, मेलेल्या फांदीतल्या आणि खोडातल्या मुंगीला सरसकट लावतो. वाळवी लागली, कीड लागली, दृष्ट लागली या पंक्तीत मुंगीही जाऊन बसली आहे. वाळवी लाकूड खाते, मुंगी खात नाही. काही मुंग्या लाकूड पोखरतात ते राहण्यापुरते, आणि तेही बहुधा आधीच कुजून मऊ झालेले. अमेरिकेत सुतार मुंग्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅम्पोनोटस वंशातील मुंग्या ओलसर, कुजक्या लाकडात खोल्या कोरतात. आपला मुंगळाही त्याच वंशातला, पण त्याने आपले बिऱ्हाड जमिनीत थाटले आहे. तेव्हा मुंगीचे नाव कळले तरी ती नेमकी कुठून बाहेर पडते ते पाहिल्याशिवाय झाडाबद्दल काही बोलता येणार नाही, असे आज तरी दिसते.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आंबा ९ वर सकाळी सव्वासात ते साडेनऊ घर बांधण्याचे काम पाहिले. पोपटी रंग जाऊन नुकत्याच हिरव्या होऊ लागलेल्या दोन पानांमध्ये चार बोटांचे अंतर होते. एका पानाच्या कडेला मागच्या पायांनी धरून एक ओंबील लटकली, तिच्या कमरेला जबड्याने दुसरीने धरले, दुसरीच्या कमरेला तिसरीने, आणि पाच मुंग्यांची साखळी दुसऱ्या पानाच्या कडेपर्यंत पोहोचली. अशा सात-आठ साखळ्या शेजारी शेजारी लागल्यावर सगळ्या एकदम मागे सरकू लागल्या आणि पाने इतकी हळू जवळ आली की मला ते पानाच्या सावलीवरूनच कळले. कडा भिडल्यावर आतून काही मुंग्या तोंडात पांढुरक्या अळ्या धरून आल्या. प्रौढ ओंबिलीला रेशीम काढता येत नाही. ते फक्त अळीला येते. मुंगी अळीचे तोंड या पानाला टेकवते, मग त्या पानाला टेकवते, आणि मागावर धोटा फिरावा तसा अळीचा धागा कडांवरून येरझारा घालत जातो. शिवलेली जागा भिंगातून पातळ पांढऱ्या कागदासारखी दिसते.

या बांधकामासाठी पान वाकणारे लागते. जून, करकरीत पान साखळीने ओढले तरी परत ताठ होते, हे मी एका अयशस्वी प्रयत्नात पाहिले. घराची पाने वाळली की ओंबील ते घर सोडून नवे बांधते. म्हणून आजपासून हिरवी आणि वाळकी घरे वेगळी मोजत आहे. आंबा ९ वर हिरवी ११, वाळकी ४ आहेत. काकांना दुरून दिसतात ती ही वाळकी गाठोडी, आणि त्यावरून त्यांनी झाड वाळू लागल्याचे ठरवले होते.

याच्या उलट आंबा १४ कडे पाहावे. बांडगुळाने त्याच्या तीन फांद्या ताब्यात घेतल्या आहेत, शेंडे वाळत चालले आहेत, यंदा पालवी जेमतेम फुटली आहे आणि त्याच्यावर ओंबिलीचे एकही घर नाही. डोळ्यांना सर्वांत आजारी दिसणारे हे झाड काकांच्या अकरांत नव्हते. एका झाडावरून नियम काढणार नाही, पण ओंबिलीला राहायला नवी पालवी आणि भरपूर भक्ष्य लागते, हे इथे समोरासमोर दिसले.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजचा दिवस काजूंचा. काजूच्या कोवळ्या पानांवर आणि मोहोरावर फुलांबाहेरच्या मधुग्रंथी असतात. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. म्हणजे काजूच्या नव्या पालवीवर मुंगी दिसणे हे बोलावलेल्या पाहुण्याचे येणे आहे, त्यासाठी झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असण्याची गरज नाही. भिंगाखाली एका पोपटी पानावर खसखशीएवढा थेंब पाहिला आणि तो पीत असलेली ओंबीलही.

या पाहुणचाराची परतफेड ढेकण्या या काजूवरच्या किडीच्या बाबतीत होते. ढेकण्या कोवळ्या फुटीत सोंड खुपसून रस घेतो, तिथे तांबूस डाग पडून पुढे काळा होतो आणि शेंडा वाळतो. ओंबील असलेल्या काजू ३० वर वीस शेंडे तपासले, दोन डागाळलेले होते. ओंबील नसलेल्या काजू ३३ वर वीसपैकी नऊ. हा आकडा काकांना मोठ्या उत्साहाने सांगितला खरा, पण ३३ क्रमांकाचा काजू खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला, सावलीत आणि दमट जागी आहे, आणि तिथे ढेकण्या तसाही जास्त असतो, हे काकांनीच दाखवून दिले. नोंद कायम, निष्कर्ष स्थगित.

ओंबिलीवर भरवसा ठेवणारे आम्ही पहिले नाही, एवढे मात्र खरे. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय बागांत या मुंग्यांची घरे विकत घेऊन झाडांवर टांगत, याचा उल्लेख इसवी सन ३०४ च्या सुमाराचा मानला जातो. अलीकडे उत्तर ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांत त्यांचा कीड नियंत्रणासाठी रीतसर वापर करून पाहिला गेला आहे.

८ डिसेंबर २०२४, रविवार

आंबा १७. घेर छातीच्या उंचीवर १५० सेंटिमीटर. दक्षिणेकडे जमिनीपासून सव्वा मीटरवर जुन्या तोडलेल्या फांदीचा घाव आहे, आणि त्याच्या खालच्या ओठातून मुंग्या ये-जा करतात. बुंध्याशी तपकिरी भुसा पडलेला होता.

हा भुसा आहे की माती, हे ठरवण्यासाठी काकूकडून एक वाटी मागून घेतली. आंबा ३ खालच्या मुंगळ्यांच्या ढिगातली चिमूट पाण्यात टाकताच तळाशी गेली आणि पाणी जांभ्याच्या रंगाचे झाले. १७ खालची चिमूट तरंगत राहिली. तिच्यात बोटाने चुरडणारे तपकिरी तुकडे, एका बीटलच्या पंखाचे कवच आणि कोळ्याचे पाय होते. मुंग्यांनी घर झाडून काढलेला हा केर आहे, आणि त्यातले लाकूड त्यांनी कुरतडण्याआधीच कुजलेले होते. निरोगी लाकडाचा भुसा असा हाताने चुरडत नाही.

मग मोगरीने ठोकायला सुरुवात केली. पिकलेला फणस थापटून ओळखण्यात ज्यांची हयात गेली त्या काकांना हे शिकवावे लागले नाही. त्यांनी माझ्या हातातून मोगरी घेतली आणि खालपासून वरपर्यंत दर वीतभर अंतरावर ठोकत गेले. घावाच्या खाली दोन हात आणि वर एक हात आवाज बद्द येतो. उत्तरेच्या बाजूला तो भरीव आहे. तिकडे ठोकताना काका थांबले आणि सालीच्या भेगेतून आलेला ओला, फिकट, तंतूतंतू भुसा त्यांनी दाखवला. "हा तुझ्या मुंगीचा नव्हे. हा भिरूड."

२२ डिसेंबर २०२४, रविवार

भिरूड काढला. भेगेची साल विळ्याने सोलल्यावर करंगळी जाईल एवढे भोक लागले. तार आत घालून, पिळून, दोनदा निसटल्यावर तिसऱ्यांदा अळी बाहेर आली: पिवळट पांढरी, गाठीगाठीची, नऊ सेंटिमीटर लांब आणि माझ्या तर्जनीहून जाड. आंब्याचा हा खोडकिडा म्हणजे बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा या लांब मिशांच्या भुंग्याची अळी. मादी सालीत अंडी घालते, अळी लाकूड खात आत बोगदे करते आणि पुढे भुंगा होऊन बाहेर पडते. बोगदा मागे राहतो. काकांनी भोक साफ करून औषधाचा बोळा भरला आणि चिखलाने लिंपले.

आता घटनांचा क्रम बराचसा जुळतो. कधीतरी फांदी तोडली गेली, घाव उघडा राहिला, पाणी आत मुरले, बुरशीने लाकूड कुजवले, भिरूड आला, त्याचे जुने बोगदे रिकामे झाले आणि त्या तयार बिऱ्हाडात मुंग्या राहायला आल्या. भाडेकरूवरून घर जुने आहे हे कळले, पण घर त्याने जुने केले नाही.

झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये मांडले की झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत राहते; कुजलेले लाकूड कायम आतच राहते. त्यामुळे पोकळ झाड म्हणजे मरणारे झाड असे होत नाही, कारण अन्नपाणी वाहून नेणारा जिवंत भाग बाहेरच्या थरांत असतो. प्रश्न उरतो तो ताकदीचा. जर्मनीतील क्लाउस माथेक यांचा एक ठोकताळा असा की उरलेली भरीव भिंत त्रिज्येच्या साधारण तीन दशांशांहून कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो. आमच्या झाडाचा घेर १५० म्हणजे त्रिज्या जवळपास २४, आणि लागणारी भिंत सात-सव्वासात सेंटिमीटर. जुन्या बोगद्यांतून तीन जागी तार घालून पाहिली. पोकळी लागेपर्यंत ११, ९ आणि १० सेंटिमीटर गेली. बोगदे तिरके असल्यामुळे खरी जाडी याहून थोडी कमी धरायला हवी. या ठोकताळ्यावर जाणकारांत वाद आहेत हे ठाऊक असूनही, कुऱ्हाड बाजूला ठेवण्याइतका आधार मला त्यात वाटतो.

ठरले ते असे: १७ तोडायचे नाही, घावाच्या बाजूची जड फांदी हंगामानंतर हलकी करायची. काकांना घावाला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची होती, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. शायगो यांच्या मते असे लेप आतली कूज थांबवत नाहीत, हे मी सांगितले. "ताज्या घावाला लावतात तो लेप, जुन्याला नव्हे, हे मलाही कळते," काका म्हणाले, "पण तू म्हणतेस तो साहेब कोकणातल्या पावसात राहिला होता काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

१९ जानेवारी २०२५, रविवार

मी नसताना काकांनी आंबा २२ च्या बुंध्याशी मुंगळ्यांवर भुकटी टाकली. तालुक्याच्या बाजारातील एका दुकानदाराने 'मुंगी म्हणजे पिठ्या ढेकूण, मुंगी मारा, काम झाले' असे सांगून ती गळ्यात मारली; पाकिटावर कोणत्या पिकासाठी, किती प्रमाणात, काही वाचता येईल असे छापलेले नाही. बिळांवर मेलेल्या मुंगळ्यांचा काळा थर आहे, त्यात चार गांडुळे आणि एक गोमही आहे. माझा प्रयोग बिघडला म्हणून मी चिडले, आणि ते चिडणे काकांना रास्त वाटले नाही.

दुकानदाराचे अर्धे म्हणणे खरे आहे, हे मान्य करावे लागेल. २२ च्या शेंड्यांवर आणि मोहोराच्या दांड्यांवर पिठ्या ढेकूण आहे. तो रस शोषतो, जास्तीची साखर गोड चिकट्याच्या रूपाने टाकतो, मुंगळे तो चिकटा पितात आणि बदल्यात ढेकणाच्या शत्रूंना हुसकावतात. बुंध्यावरून वर जाणारी मुंगळ्यांची दाट रांग म्हणजे वर गोडवा आहे याची वर्दी.

तुलनेसाठी आंबा ३ वर भुकटीऐवजी पट्टी बांधली: खोडाभोवती वीतभर रुंद पॉलिथिन, वरखाली सुतळी, फटी चिखलाने बंद, आणि पॉलिथिनवर ग्रीस. ग्रीस सालीला लागू दिले नाही.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

३ वरचे मुंगळे शेजारच्या काजूवर चढून, एकमेकांत गेलेल्या फांदीवरून आंब्यावर येत होते. फांदी छाटली. आज रांग पट्टीखाली गोंधळून फिरत आहे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

आंबा २२ वाईट दिसतो. मुंगळे नाहीसे झाल्यावर चिकटा पिणारे कोणी उरले नाही. तो पानांवर साचला, आणि त्यावर काळी बुरशी धरली. काकांनी पाने पुसून बोटांची काजळी मला दाखवली व दुसरी वाईट बातमीही दिली, की आता ढेकूण मोठा झाला आहे, पूर्वीच्या दुप्पट, आणि फवारणी आजच हवी.

डहाळी खाली घेऊन भिंगातून पाहिली. पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असलेला तो मोठा 'ढेकूण' टुणटुण चालत होता. पिठ्या ढेकूण असा चालत नाही. तो जागचा हलला तरी कष्टाने. पाहता पाहता त्याने एका खऱ्या ढेकणाला गाठले आणि खायला सुरुवात केली. ही क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी, ढेकणासारखाच पांढरा वेश घेतलेली. ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा कीड खाण्यासाठी म्हणून भारतात १८९८ मध्ये आणला गेला आणि पुढे इथलाच झाला. एका डहाळीवर सहा अळ्या मोजल्या. पट्टी बांधलेल्या आंबा ३ वरही त्या आहेत. ज्या आंबा १० वर ढेकूण आणि मुंगळे दोन्ही नुकतेच आले आहेत आणि आम्ही काहीच केलेले नाही, तिथे एकही नाही.

म्हणजे या बाबतीत काकांचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर निघाला: मुंगळे हटले तसा ढेकणाचा शत्रू आत आला. मात्र तो भुकटीने आला तसा पट्टीनेही आला, आणि पट्टीखाली गांडुळे मेली नाहीत. फवारणी पुढे ढकलली. आंबा १० ला आजच पट्टी बांधली.

१६ मार्च २०२५, रविवार

फणस ४१ च्या वाळक्या खुंटातली लाल-काळी मुंगी मला चावली. खरे तर तिने डंख केला, आणि मनगट संध्याकाळपर्यंत ठणकत होते. ती एकटी-दुकटी खोडावर शिकार करते. तिचे घर मेलेल्या खुंटापुरते आहे, खुंटाच्या मुळाशी झाडाने घातलेला जाड कंठ भरीव वाजतो, त्यामुळे या फणसाबद्दल लिहिण्यासारखे आणखी काही नाही.

काकांच्या अकरांत नसलेल्या किंजळ ४४ वर चावून मऊ केलेल्या वनस्पतींच्या लगद्याचा कलिंगडाएवढा काळपट गोळा आहे. हेही क्रेमॅटोगॅस्टरचेच घर, पण हे जिवंत फांदीच्या बाहेरून बांधलेले आहे. एकाच गटातील मुंगी आंब्याच्या खोडात कूज दाखवते आणि किंजळावर काहीच दाखवत नाही. गोळ्याला मुठीएवढे गोल भोक पडले आहे आणि आज दुपारी त्यात तांबूस सुतार पक्षी शिरताना पाहिला. हा पक्षी याच मुंग्यांच्या घरट्यात अंडी घालतो, हे वाचले होते. आमच्या गडग्यावर बसून पाहायला मिळेल असे वाटले नव्हते. मुंग्या त्याला कशा सहन करतात, हा विचार करत माझा पाऊण तास गेला आणि काजू मोजायचे राहिले.

२० एप्रिल २०२५, रविवार

काढणी जोरात. ओंबील असलेल्या झाडांवर घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) चालवणाऱ्या गड्यांनी हातापायांना राख चोळली, तरी शिव्या थांबल्या नाहीत. आंबा ९ चे फळ डागविरहित आहे असे मी म्हणताच एकाने विचारले, "मग तुम्हीच चढा ना, ताई." पुढच्या वर्षी काढणीच्या झाडांवर घरे कमी ठेवण्याचा विचार करावा लागेल, हा मुद्दा कागदावर सुचत नाही.

२२ मे २०२५, गुरुवार

काल रात्री पावसात आंबा ८ पडला.

तो आमच्या वहीतला सर्वांत स्वच्छ आंबा होता. ऑक्टोबरपासून त्याच्या चारही रकान्यांत मी 'नाही' लिहीत आले आणि फेब्रुवारीत समासात 'निरोगी' असा शेराही मारला. बुंधा जमिनीच्या पातळीवर मोडला आहे. उताराकडची जाड मुळे पांढरट, ओली, स्पंजासारखी झाली आहेत. बोटाने दाबली की पाणी येते. मोडलेल्या भागात एकही मुंगी सापडली नाही, जुन्या घराची खूणही नाही. इतक्या ओल्या लाकडात मुंगीला कोरडी खोली मिळत नसावी, असा माझा अंदाज आहे.

घरी येऊन फोनमधली छायाचित्रे चाळली. १३ ऑक्टोबरचे एक छायाचित्र आंबा ८ च्या बुंध्याचे आहे: तपकिरी, वार्निश लावल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी किनार असलेली बुरशीची छत्री. ती गॅनोडर्मा गटातील असावी. सुंदर दिसली म्हणून मी छायाचित्र काढले होते आणि वहीत लिहिले नव्हते, कारण वहीत मुंगीचे रकाने होते, बुरशीचा नव्हता. कुजण्याची सर्वांत स्पष्ट खूण समोर असताना मी मुंग्या शोधत होते.

काका पडलेल्या झाडावरचे उरलेले आंबे वेचून टोपलीत भरत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याला एकही मुंगी नव्हती हां."

८ जून २०२५, रविवार

मान्सून यंदा २५ मे रोजीच तळकोकणात पोहोचला, त्यामुळे उरलेले आंबे गेले आणि माझे वेळापत्रकही. पाऊस थांबला तेवढ्या वेळात नव्या रकान्यांसह सगळी झाडे पुन्हा तपासली. आता वहीची सुरुवात बुंध्यापासून होते: जमिनीलगतची साल, बुरशीची छत्री, मुळांचा उंचवटा, मोगरीचा आवाज, शेंड्यांची पालवी, आणि मग मुंगी.

आंबा १३ आणि २० बुंध्याशी पोकळ वाजतात. दोहोंवर मुंगी नाही. १३ घराच्या वाटेवर झुकलेला आहे, तो पाऊस संपताच उतरवायचा, यावर आमचे दोघांचे एकमत झाले. २० उघड्या बाजूला आहे, त्याचा भार कमी करून लक्ष ठेवायचे. काकांच्या मूळ अकरांपैकी एकही तोडायचा नाही. १७ ची जड फांदी मेच्या पहिल्या आठवड्यात उतरवली होती. काप भरीव निघाला, आणि काकांनी त्याला बोर्डो पेस्ट लावली. मी अडवले नाही. जुन्या घावातून मुंग्यांची ये-जा चालू आहे.

२२ वर पिठ्या ढेकूण शोधून सापडतो एवढाच उरला आहे, काजळी पावसाने धुतली गेली. बुंध्याशी मुंगळ्यांचे नवे बीळ आहे.

६ जुलै २०२५, रविवार

आंबा ८ च्या जागेवरील कुजकी मुळे शक्य तितकी खणून काढली आणि नवे कलम त्या खड्ड्यापासून दहा हात वर, उताराच्या कोरड्या बाजूला लावले. क्रमांक ४६.

आज त्याला आधाराची काठी बांधताना काकांनी हाक मारली. खालून तिसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला, पान थोडे पन्हाळीसारखे वळले आहे तिथे, पंख झडलेली एक राणी ओंबील बसली होती. कामकरी मुंगीच्या जवळजवळ दुप्पट, जाड पोटाची, आणि भिंगाखाली स्पष्ट हिरवट. फॅब्रिशिअसचे नाव अखेर पटले. पोटाखाली पांढऱ्या अंड्यांचा लहानसा पुंजका होता आणि ती त्यावर पाय रोवून उभी होती. पहिली पिल्ले कामाला लागेपर्यंत ती बाहेर पडत नाही, स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर त्यांना वाढवते; अशा राण्यांपैकी बहुतेक या काळातच मरतात.

"चावेल?" काकांनी विचारले. एवढ्यात नाही, म्हटले. त्यांनी काठीची सुतळी त्या पानापासून दूर, खालच्या बाजूला बांधली. पुढच्या रविवारी अंड्यांचे काय झाले ते पाहायचे आहे, आणि आंबा २० चा बुंधाही ठोकायचा आहे.